चौथी पट्टी

गज्या, निकाल लागला.

काय लागला ते तुला सांगू नको, असं तुझ्या बापाने मला बजावलं आहे. म्हाताऱ्याचं मन मोडायची मला हौस नाही. पण तुझं-माझं जे ठरलं होतं ते त्याच्या बजावण्याच्या आधीचं आहे, तेव्हा सांगणार. लगेच नाही. जन्मभर तू घाईत. "लौकर बोल बे, विमान उभं हाय" म्हणून माझी अर्धी वाक्यं कापायचास. आता ऐक सगळं. आता तुझं कोणतं विमान उभं आहे?

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी बोलताना जीभ जड होते. माझी होत नाही. टॉवरच्या काचेमागे बसून न दिसणाऱ्या माणसांशी बोलणं हाच माझा धंदा. वैमानिक ढगात, मी खुर्चीत. तूही त्यातलाच एक. चारचौघांत मला हिणवायचास, "माह्याजवळ विमान हाय, ह्याच्याजवळ नुसता माईक." हो रे बाबा. शेवटी माईकवालाच उरला.

आठवतं का, हवाई दलाच्या अकादमीतला पहिला आठवडा? उन्हात रांगेत ताठ उभे होतो, देशभरातली पोरं, कोण कुठला कोणाला ठाऊक नाही. पाठीमागून हळूच आवाज आला, "मरून राह्यलो ना बे." मान न वळवता मी म्हटलं, "मंग कायले आला?" दोघांनाही मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा झाली. धावता धावता कळलं, तू रिठदचा, मी किन्हीराजाचा. एरवी तुझ्या गावाच्या माणसाला मी वाशीमच्या बाजारातही ओळख दिली नसती. तिथे मात्र पहिल्या फेरीतच तू माझ्या घरचा झालास.

आणि ती धुक्याची सकाळ. तुझं मालवाहू विमान वर घिरट्या घालत होतं आणि मला टॉवरमधून धावपट्टी दिसत नव्हती. रडारवर बघत तुला खाली आणलं. दोघंही साहेबी इंग्रजीत, आवाजाला इस्त्री करून. चाकं टेकली आणि सगळ्या तळाला ऐकू जाईल अशा त्या सरकारी वाहिनीवर तू म्हणालास, "आलो बे." साहेबांनी मला विचारलं, हे काय होतं? मी म्हटलं, सर, इंजिनाचा आवाज असेल. त्या दोन शब्दांपायी मला लेखी खुलासा द्यावा लागला. तू त्याचे आभार मानले नाहीस, उलट महिनाभर मला 'इंजिनाचा आवाज' म्हणत राहिलास.

आभार आपल्यात नव्हतेच. माझे वडील गेले तेव्हा तू कुठून कुठून गाड्या बदलत किन्हीराजाला आलास. मी दगडासारखा बसलेला. सगळे येऊन गीतेतलं काही काही सांगत होते. तू शेजारी बसलास आणि कानाशी म्हणालास, "रड बे लौकर, लोकं ताटकळून राह्यले." मी हसलो, आणि हसता हसता जो फुटलो तो तासभर थांबलो नाही. त्या दिवशी तू नसतास तर ते सगळं माझ्या छातीत कुजलं असतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता तुझ्या वेळी मला असं बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून मी अजून रडलेलो नाही.

असो. पट्टीचं बोलू.

विंग कमांडरच्या खांद्यावर तीन पट्ट्या. तिथवर वय आणि नोकरी माणसाला ओढत नेते. चौथी पट्टी म्हणजे ग्रुप कॅप्टन, आणि ती अशी मिळत नाही. त्यासाठी वरती बोर्ड बसतं, नावं बघतं, थोडी उचलतं, बाकीची ठेवून देतं. तीनदा आपलं नाव जातं. तीनदा नाही झालं की मग तीन पट्ट्यांवर म्हातारं व्हायचं, आणि काल ज्यांना आपण चूक दाखवली त्या पोरांना सकाळी 'सर' म्हणून सॅल्यूट ठोकायचा.

पहिल्या खेपेला तुला आधी कळलं. तू फोन केलास. "दोघांचंबी गेलं. चाय पी." बस. एवढंच बोललास. मी तुला ज्या शिव्या घातल्या त्या माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून ऐकल्या आणि ती समजली. नंतर ते आपलं ठरूनच गेलं. जो आधी ऐकेल त्याने दुसऱ्याला सांगायचं. सरळ. गोड नाही, 'सॉरी' नाही, 'पुढच्या वेळी नक्की' नाही. सांगायचं, चाय पी म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने मन भरेपर्यंत शिव्या द्यायच्या. दुसऱ्या खेपेला माझी पाळी आली. "पुन्हा गेलं दोघांचं. चाय पी." तू मला, माझ्या खानदानाला, माझ्या टॉवरला, कोणालाच सोडलं नाहीस. मग तुझ्या हाताखालच्या ज्या पोराला पट्टी मिळाली होती त्याच्या पार्टीत जाऊन तू सगळ्यांच्या वर नाचलास. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्याला सॅल्यूट केलास. मला सांगत होतास, "हात वर गेला बे. पन खांद्यातून नाई गेला. पोटातून गेला कुठून तरी."

बापाला मात्र तू यातलं काही सांगितलं नाहीस.

त्याला कारण नामदेव नाना. तुझा तो चुलता, ज्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडावंदनाला तुला बोलावलं, तू कडक गणवेशात गेलास, आणि सगळ्या गावासमोर नानाने तुझा खांदा धरून पट्ट्या मोजल्या. "तीनच? रिसोडच्या ठाण्यातल्या हवालदारालेबी तीन हायेत! इतके वर्सं नोकरी करून हवालदारच का रे गजानन?" गाव हसलं. तू पण हसलास. तुझा बाप, म्हणजे माझे काका, हसले नाहीत. त्या दिवसापासून फोनवर त्यांचा एकच प्रश्न, "चौथी कवा?"

मी तुला कितीदा म्हटलं, बापाला सांग. दोनदा बोर्डात गेलं, आता शेवटची खेप आहे, काय व्हायचं ते होईल. तू म्हणायचास, "बुढ्यानं मले कधी नापास पाह्यलं नाई. आता कायले दाखवू?" म्हणजे हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर काय करायचं हे तुला ठाऊक, आणि ऐंशीला टेकलेल्या बापाला चार शब्द कसे सांगायचे हे ठाऊक नाही. मूर्ख होतास. मेलास म्हणून शहाणा म्हणणार नाही.

निकालाच्या दिवसांत तळावर थांबायचं नाही, हा आपल्या लोकांचा जुना रिवाज. मेसमध्ये त्या दिवसांत दुसरं काही चालत नाही. कोणाचा अहवाल बरा, कोणावर कोणाची मर्जी, किती जागा, कोण आत, कोण बाहेर. माणसं सूप समोर घेऊन एकमेकांची आयुष्यं वजा करत असतात. ज्याला जमेल तो रजा टाकून पळतो. आपण दोघांनी एकदम टाकली. तू वहिनीला आणि पोरीला शाळेमुळे मागे ठेवून रिठदला आलास. मी किन्हीराजाहून गाडी काढून तुझ्याकडे आलो. पोळा होऊन गेला होता. सोयाबीन शेंगांनी भरलेलं, आणि त्या शेंगांसाठी रोह्यांचे, त्या नीलगाईंचे, कळप मोकाट. तुझ्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात आपण दोघं चपला काढून बसलो.

"नाई झालं तं?" मी विचारलं.

"वंगाळ बोलू नोको."

"अबे, इचारून राह्यलो. नाई झालं तं राजीनामा देशीन का?"

"मंग? त्या कालच्या पोट्ट्याहीले सॅल्यूट मारत फिरू?"

"मंग जाय कंपनीच्या विमानावर. पैसा भेटते, घरी राहाले भेटते. आन चार पट्ट्याच पायजे ना तुह्या बुढ्याले? तिथं कॅप्टन झाला का चार पट्ट्या शर्टासंगच भेटतात."

तू एक ढेकूळ उचललंस आणि समोर फेकलंस. "त्या नोकरीच्या पट्ट्या होय बे. ह्या..."

"ह्या काय?"

"तुले नाई समजाचं. तू माईकवाला."

मला राग आला. मी म्हटलं, "मले सगळं समजते. तुले पट्टी नाई पायजे. तुले नानाचं तोंड बंद कराचं हाय. एका हवालदाराच्या गोष्टीपायी तू झुरून राह्यला. आन पहाडात विमान उतरवते, बापासमोर तुही फाटते."

तू आणखी एक ढेकूळ फेकलंस. 'ह्या'च्या पुढे तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. गेले कित्येक दिवस मी ते वाक्य तुझ्या वतीने पुरं करून पाहतो आहे, जमत नाही. पण माझं वाक्य मी आजही मागे घेत नाही. ते खरं होतं, आणि पुढच्या काही मिनिटांत तू ते सिद्ध केलंस.

तुझा मोबाइल वाजला. गावातल्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर फोटो आला होता. स्टँडजवळ, डांबरी रस्त्याला तोंड करून, भलामोठा फ्लेक्स. 'आपल्या रिठद नगरीचे सुपुत्र ग्रुप कॅप्टन गजानन यांचे हार्दिक अभिनंदन.' वर तिरंगा, मागे आग ओकणारं कुठल्यातरी परक्या देशाचं लढाऊ विमान, ज्यात तू जन्मात बसला नव्हतास. खाली 'शुभेच्छुक, समस्त गावकरी.' आपल्याकडे तलाठी झालं तरी फ्लेक्स, पोराचं बारसं असलं तरी फ्लेक्स. पण निकालाच्या आधी फ्लेक्स लावायची ही रीत मी पहिल्यांदा पाहिली.

तू फोन लावलास. "कोनं सांगतलं रे तुमाले?"

पलीकडून पोट्टा खुशीत, "तुह्या बाबानंच ना दादा! म्हने झालंच हाय, निकाल तेवढा बाकी हाय. तुले सरप्राइज द्याचं होतं."

तुझं तोंड उतरलं. मला वाटलं होतं तू चिडशील. तू घाबरलास. "हा फोटो फिरत फिरत मेसमंधी पोचला तं माह्यं हसं होईन बे. निकाल लागला नाई आन हा सोताले ग्रुप कॅप्टन म्हनवून राह्यला." खरं होतं ते. आपली माणसं त्या फ्लेक्सवर वर्षभर जेवली असती.

बापाला जाऊन सांगायचं होतंस, काढायला लाव म्हणून. तो घरीच होता. पण मग का काढायचा ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तू धुऱ्यावर पडलेला विळा उचललास, फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला, आणि काकांच्या जुन्या फटफटीवर बसलास.

मी म्हटलं, थांब, गाडीने जाऊ.

"तू बस. माय चाय घेऊन येऊन राह्यली. दोघंबी उठलो तं तिले वाईट वाटन. पाच मिन्टात येतो."

त्या फटफटीचा दिवा लागत नव्हता. तुझ्या डोक्यावर काही नव्हतं. जो माणूस विमानात पाय ठेवण्याआधी चाकापासून शेपटीपर्यंत हात लावून बघायचा, यादी वाचल्याशिवाय बटण दाबायचा नाही, माझ्या गाडीत बसल्यावर मला पट्टा लावायला लावायचा, तो दिवेलागणीला बिनदिव्याच्या फटफटीवर उघड्या डोक्याने निघाला. कशासाठी? तर एक फ्लेक्स काढायला. मी हे कितीदाही म्हटलं तरी माझा राग कमी होत नाही.

काकू चहा घेऊन आल्या. मी माझा प्यालो. तुझा कप गार होत होता. "पेऊन घे रे तूच," काकू म्हणाल्या, "त्याच्यासाठी दुसरा करीन." मी तोही प्यालो. घरी अर्धा कप घेतो, त्या दिवशी दोन प्यालो. मग रस्त्याकडून कोणीतरी ओरडत आलं.

रोही होती. सोयाबीनमधून उडी मारून रस्त्यावर आली. ती तुझ्या पलीकडे पडलेली, पाय झाडत. तू काहीच झाडत नव्हतास. विळा तुझ्यापासून हातभर अंतरावर. फ्लेक्स समोर दिसत होता, हाकेच्या अंतरावर. तू हसत होतास त्यावर.

लोक काय बोलतात ते तुला ऐकवतो, नाहीतर कोण ऐकवणार? "येवढी इमानं उडवली म्हनते, आन फटफटी नाई सांभाळता आली." स्मशानात बोलले हे. मी वळून पाहिलं तर बोलणारा बापडा खरंच हळहळत होता. मी तरी कोणाकोणाचं तोंड धरणार होतो? वहिनी आली, पोरीचा हात धरून. तिने मला एकच विचारलं, "भाऊजी, शेवटी काय बोलले?" पाच मिनिटांत येतो, एवढंच सांगितलं मी. ती म्हणाली, "तेच बोलायचे नेहमी."

नागपूरहून तुकडी आली. फुलांनी सजवलेला ट्रक, त्यावर तू तिरंग्यात. ट्रक स्टँडवरून गावात वळला तो थेट त्या फ्लेक्सखालून. हार्दिक अभिनंदन. तुकडीतल्या प्रत्येकाने ते वाचलं. निकाल लागलेला नाही, हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी टोपी सारखी केली, कोणी उगाच सोयाबीन बघितलं. हसलं कोणी नाही. तुझी भीती फुकट गेली गज्या. हसं होऊ नये म्हणून निघालास, आणि होऊच दिलं नाहीस.

आणि तो पोरगा आला होता, ज्याच्या पार्टीत तू नाचला होतास. खांद्यावर चार पट्ट्या. त्याने पुष्पचक्र वाहिलं, दोन पावलं मागे सरला आणि तुला सॅल्यूट ठोकला. पक्का. खांद्यातून. मी काकांकडे पाहिलं. काका त्याच्या पट्ट्या मोजत होते.

राख सावडायच्या दिवशी नामदेव नाना माझ्याजवळ सरकला. मला वाटलं, आता तरी धड बोलेल. "आता गजाननची सीट तुलेच भेटन ना?" त्याच्या डोक्यात ग्रामपंचायत. सदस्य मेला, जागा रिकामी, पोटनिवडणूक. मी म्हटलं, नाना, तसं नसतं. तिथे प्रत्येकाचं वेगळं बघतात. बोर्ड तर आधीच बसून गेलं. नानाने मान हलवली, लहान पोराला हो हो म्हणतात तशी. "नाई, म्हनजे तो पुढं होता म्हनून तुह्यं अडून राह्यलं आसन." तुझी राख समोर नसती तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी अंगणात चार माणसांबरोबर कोहळं चिरत बसलो होतो, तेव्हा आपल्या अकादमीच्या तुकडीतल्या एकाचा फोन आला. गोठ्यामागे जाऊन घेतला. त्याने माझं सांगितलं, मग थांबला. मी म्हटलं, त्याचंही सांग. त्याने सांगितलं. मी परत येऊन कोहळं चिरलं. त्या दिवशी कोणाला काही बोललो नाही. पहिल्यांदा असं झालं की मला कळलं होतं आणि फोन लावायला नंबर होता, पण उचलायला कोणी नव्हतं.

तेरवीच्या पंगती उठल्या तरी तो फ्लेक्स तसाच होता. एवढ्या दिवसांत त्याला कोणी हात लावला नव्हता. "तो काढाले गेला आन गेला, आता कोन हात लावन?" पोट्टे त्या बाजूने जायलाही कचरत. एक कोपरा फाटून वाऱ्यावर फडफडत होता, सावलीला शेळ्या बसलेल्या. मी तुझ्या घरातून तोच विळा घेतला, भर दुपारी स्टँडवर गेलो, गाडी खाली लावली आणि टपावर चढलो.

जवळून पाहिलं तेव्हा कळलं. फोटो तुझ्या तीन पट्ट्यांचाच होता. चौथी दोन्ही खांद्यांवर संगणकाने काढलेली. रंग जरा वेगळा, डावीकडची तिरपी. मी दोऱ्या कापल्या. सगळा फ्लेक्स अंगावर आला, तुझं हसरं तोंड माझ्या तोंडावर. शेळ्या पळाल्या. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. कोणी मदतीला आलं नाही.

घरी आणला. काका अंगणात बाजेवर बसले होते.

"काहाडला?"

"हो."

"फाटला तं नाई ना?"

"एक कोपरा गेला, काका."

"फेकू नोको. सोयाबीन सोंगलं का सुडीच्या ढिगावर टाकाले होते."

मी तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी घडी उलगडली आणि तुझ्या खांद्यावर बोट ठेवलं. "ही चौथी मीच टाकाले सांगतली होती. पोट्ट्यानं वाकडी टाकली." त्या वाकड्या पट्टीवरून ते बराच वेळ बोट फिरवत होते, जणू सरळ होईल. मग वर न बघता विचारलं, "लागला का निकाल?"

"लागला."

"गजाननचं?"

मी मान हलवली. आडवी.

काकांनी वाकड्या पट्टीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "पयल्या खेपेले कोनाचं होते? दुसऱ्या खेपेले झालं असतं त्याचं."

त्यांच्या लेखी ही तुझी पहिलीच खेप, आणि मी ते तसंच राहू दिलं. तुझं ते खोटं अजून जिवंत आहे, गज्या. तू गेलास, ते राहिलं, आणि आता ते सांभाळायची ड्युटी माझ्यावर आली. बघ, बापासमोर माझीही फाटते.

"आन तुह्यं?" काकांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. त्यांना कळलं. माझ्याकडे ते एवढा वेळ बघत राहिले की मला उठून जावंसं वाटलं.

"तुह्या गावाले फ्लेक्स लावला का?"

"नाही, काका."

"लावू नोको." मग त्यांनी आत भिंतीशी ठेवलेल्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. पंगतीतल्या बायका भांडी घासत होत्या म्हणून की काय, आवाज एकदम खाली आणला आणि तेच बोट माझ्यावर उगारलं. "आन त्याले सांगू नोको."

मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो? तुझं तोंड आत येईल अशी फ्लेक्सची घडी घातली, गोठ्यात नेऊन ठेवली.

पुढच्या महिन्यात माझ्या खांद्यावर चौथी चढवतील. एका खांद्याची बायको लावेल, दुसऱ्या खांद्याची तू लावणार होतास आणि मुद्दाम वाकडी लावणार होतास, हेही ठरलेलं होतं. कोणीतरी सरळ लावेल. आणि इथे नाना पारावर बसून सांगत राहील, गजाननची सीट त्याले भेटली. तसं नसतं, हे मला माहीत आहे. तरी काल मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा समजावून सांगत होतो.

बापाने नको म्हटलं. बापाला झाकता येतं, म्हणून त्याने झाकलं. आपल्यात झाकायचं ठरलं नव्हतं. तू मला दोघांचं गेलं म्हणून सांगितलंस तेव्हा तुझा आवाज हलला नव्हता. माझाही हलणार नाही. गोड नाही, सॉरी नाही, आणि पुढची वेळ तर नाहीच.

गज्या, तुह्यं नाई झालं. माह्यं झालं.

चाय पी.